अँबेसेडरचं बेरिंग का जातं, आणि इंजिन पुन्हा कसं उभं करायचं

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (ई-२०) यायला लागल्यापासून जुन्या गाड्यांचं काय होणार, ही चर्चा गावोगावी ऐकू येते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागात अजूनही काही घरांच्या छपरीत अँबेसेडर उभी दिसते. कुणाच्या आजोबांनी कापसाच्या पैशातून घेतलेली, कुणी सरकारी लिलावात उचललेली. वर्षातून चार-दोन वेळा ती निघते: लग्नाला, शेगावला, कधी दवाखान्यात. अशाच एखाद्या फेरीत इंजिनातून टकटक सुरू होते, ऑइलचा दिवा लुकलुकतो, मिस्त्री बॉनेटमध्ये कान घालून ऐकतो आणि म्हणतो, "इंजिन बसलं भाऊ." घरच्यांना वाटतं, गाडी संपली. मग कबाड्याला निरोप जातो.

इंजिन बसलं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आतलं एखादं बेरिंग गेलं. असं इंजिन पुन्हा उभं करता येतं. त्यासाठी लागणारी मशीनवरची कामं अकोला, अमरावती, नागपुरात आजही होतात, कारण तीच कामं ट्रॅक्टरच्या इंजिनांसाठी रोजची आहेत. अडचण वेगळीच आहे. बेरिंग आपणहून जात नाही, त्याच्यामागे काहीतरी घडलेलं असतं. ते न शोधता नवं बेरिंग टाकलं तर तेही जातं, आणि जाताना पहिल्यापेक्षा मोठं नुकसान करतं. म्हणून खर्चाचा हिशोब मांडण्याआधी कारण समजून घ्यायला हवं.

इथलं बोलणं जुन्या १४८९ सीसी इंजिनाबद्दल आहे. अँबेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून घडलेली, आणि हे इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरिज कुळातलं. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही प्रकारांत ते येतं. पुढे आलेल्या इसुझू इंजिनाची मापं वेगळी आहेत, पण तत्त्व तेच.

## बेरिंग म्हणजे नेमकं काय

बेरिंग म्हटलं की आपल्याला सायकलचे छर्रे आठवतात. क्रँकच्या बेरिंगमध्ये छर्रे नसतात. ती असते अर्धगोल वाकवलेली धातूची पातळ पट्टी. दोन पट्ट्या समोरासमोर बसल्या की त्यांचं कडं होतं आणि त्या कड्यात क्रँक फिरतो. या पट्टीला मिस्त्री शेल म्हणतात.

पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणारा जाड, वाकडा दिसणारा दांडा म्हणजे क्रँक. तो इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तीन ठिकाणी टेकलेला असतो. ती तीन मेन बेरिंगं. चार पिस्टनचे चार कनेक्टिंग रॉड त्याला चार ठिकाणी धरतात. ती चार बिग एंड बेरिंगं. आजच्या चार सिलेंडरच्या इंजिनांत साधारणपणे पाच मेन बेरिंगं असतात. या जुन्या रचनेत तीनच असल्यामुळे जास्त वेगात क्रँक किंचित लवतो. हे इंजिन पिळून चालवण्यासाठी बनलेलंच नाही, आणि जुने ड्रायव्हर ते ओळखून होते.

शेलची पाठ पोलादाची असते. त्यावर तांबं आणि शिशाचा किंवा अॅल्युमिनियम आणि कथलाचा थर असतो. बऱ्याच शेलवर त्याच्याही वर मऊ धातूचा अगदी पातळ थर असतो. मऊपणा मुद्दाम ठेवलेला आहे. धुळीचा बारीक कण आत शिरला तर तो या मऊ थरात रुतून बसावा आणि महागड्या क्रँकवर ओरखडा उठू नये, अशी ती योजना आहे. झिजायचंच असेल तर शेलने झिजावं.

## ज्यावर क्रँक खरोखर फिरतो ते ऑइल

चालू इंजिनात क्रँक शेलला टेकलेला नसतो, हे अनेकांना माहीत नसतं. तो ऑइलच्या थरावर तरंगत असतो.

हे कळलं तेही अपघाताने. १८८३ मध्ये ब्रिटनमध्ये ब्यूचॅम्प टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला तसं तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडायला लागलं. त्यांनी बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी प्रेशर गेज लावला तेव्हा काटा दर चौरस इंचाला २०० पाउंडांच्या पुढे गेला. बेरिंगवर ठेवलेल्या ओझ्याच्या सरासरी दाबापेक्षा हा दाब बराच जास्त होता. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढत होता आणि त्यातून इतका दाब तयार होत होता की आख्खं ओझं तेलानेच उचलून धरलं होतं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. आजचं मोटारीचं, ट्रॅक्टरचं आणि ट्रकचं इंजिन त्या गणितावर चालतं.

बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, आख आठवून पाहा. तिथेही छर्रे नाहीत. लोखंडावर लोखंड फिरतं आणि मध्ये हाताने चोपडलेलं वंगण असतं. बंडी इतकी हळू चालते की आखाखाली तेलाचा दाब तयारच होत नाही. वंगण संपलं की लोखंड लोखंडाला घासतं, चाक कुरकुरतं, पण बंडी घरी पोचते. इंजिनात तसं होत नाही. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे. या वेगाने क्रँक शेलला थेट घासला तर काही क्षणांत मऊ थर वितळतो.

या थरासाठी लागणारी फट फार बारीक असते. ढोबळ नियम असा की दांड्याच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट हवी. या इंजिनात बिग एंडच्या जागी क्रँकचा व्यास सुमारे ४७.६ मिमी आहे, म्हणजे फट साधारण ०.०५ मिमी, एका मिलिमीटरचा विसावा भाग. ती कमी झाली तर ऑइल शिरत नाही. जास्त झाली तर ऑइल बाजूने निसटतं, दाब टिकत नाही आणि क्रँक शेलवर आपटायला लागतो. आपल्याला ऐकू येणारी टकटक ती हीच.

## मग ते जातं कशामुळे

ऑइलचा रस्ता लक्षात घ्या. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमधून जाळीतून पंपात, पंपातून फिल्टरमध्ये, तिथून ब्लॉकमधल्या मुख्य नळीत, मग मेन बेरिंगांवर, आणि तिथून क्रँकच्या पोटातल्या तिरप्या भोकांतून बिग एंडला. बिग एंड रस्त्याच्या टोकाला आहे. ऑइल कमी पडलं की पहिली झळ तिथे लागते. मिस्त्रीकडे येणाऱ्या गाड्यांत बिग एंडच जास्त का गेलेलं असतं, याचं एक मोठं कारण हे आहे.

ऑइलची पातळी कमी असणं हे सरळ कारण. जाळी गाळाने भरणं, पंपाचा रोटर झिजणं, प्रेशर धरणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडणं ही त्याची भावंडं. पण आपल्या भागात मला सगळ्यात जास्त लक्ष द्यावंसं वाटतं ते पाण्याकडे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. इथल्या विहिरी आणि बोअरचं पाणी क्षारयुक्त. पिण्यासाठी ते चांगलं नाही, पण रेडिएटरमध्ये आपण ते बिनदिक्कत ओततो, कारण हाताशी तेच असतं. गरम झालं की क्षार मागे राहतात आणि रेडिएटरच्या नळ्यांत, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत पापुद्रा धरतात. वाटा अरुंद होतात, इंजिन तापायला लागतं. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, त्यामुळे तापलेलं इंजिन थंड व्हायला वावच उरत नाही. तापलं की ऑइल पातळ होतं आणि पातळ ऑइलचा थर ओझं कमी पेलतो. हा पहिला फटका. पुढे हेड किंचित वाकतं, हेड गॅस्केट फुटतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. पाणी मिसळलेलं ऑइल पांढुरकं, फेसाळ दिसतं आणि त्याचा सलग थर टिकत नाही. बेरिंग जातं.

अशा गाडीत नुसती बेरिंगं बदलली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. पाण्याच्या वाटा साफ केल्याशिवाय, रेडिएटर खोलून रॉडने मोकळा केल्याशिवाय आणि हेड सपाट आहे का हे पट्टी लावून तपासल्याशिवाय खाली हात घालण्यात अर्थ नाही. पुढेही रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच घालायचं. चार लिटर पाण्याचे पैसे वाचवून इंजिन गमावण्यासारखा वाईट व्यवहार नाही.

दुसरं आपल्याकडचं कारण म्हणजे उभी गाडी. "गाडी चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" हे मी फार वेळा ऐकलं आहे. उभ्या इंजिनातही हवेतली ओल शिरते, जुन्या ऑइलमधलं आम्ल शेलच्या मऊ धातूला खात राहतं, आणि बेरिंगांवरचं ऑइल हळूहळू निथळून जातं. सहा महिन्यांनी आपण एकदम स्टार्टर मारून रेस करतो तेव्हा क्रँक काही क्षण जवळजवळ कोरडा फिरतो. वर्षातून एकदा ऑइल बदलायचं, गाडी चालली असो वा नसो.

धूळ हे तिसरं. कापसाच्या दिवसांत, काळ्या मातीच्या पांदणीत फाटक्या एअर फिल्टरने चाललेली गाडी धूळच पिते. ती पिस्टनच्या बाजूने ऑइलमध्ये उतरते. चौथं कारण चालवण्यातलं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गिअर न पाडता, गुरगुरत्या इंजिनाला तसंच रेटलं की बेरिंगवर ओझं पूर्ण येतं पण वेग कमी असतो. ऑइलच्या थराला वेग लागतो, हे वर आलंच आहे. घाटात खालचा गिअर टाकणं हे बेरिंग वाचवणंच आहे.

## हे ई-२० मुळे झालं का?

इथेनॉल बेरिंगपर्यंत थेट पोचत नाही. त्यामुळे टकटक सुरू झाली म्हणून पेट्रोलला दोष देऊन मोकळं होऊ नका. मात्र एक आडवाट आहे आणि ती खरी आहे.

जुन्या गाड्यांतलं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, कडक होतं, चिरतं. ज्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या ब्लॉकवरच बसवलेला असतो आणि आतला रबरी पडदा हलवून काम करतो, तिथे तो पडदा फाटला तर पेट्रोल सरळ ऑइलमध्ये गळू शकतं. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ पडतं आणि मग बेरिंगची पाळी येते. म्हणून डिपस्टिक काढल्यावर नुसती पातळी बघू नका, वासही घ्या. न भरता ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. पंपाचा पडदा आणि पाईप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत.

## आवाजावरून काय कळतं

इंजिन खोलण्याआधी ऐकणं फुकट आहे. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाज हलका, वरून येणारा आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने येतो. त्याने घाबरायचं कारण नाही. बिग एंडची टकटक जड आणि ठसठशीत असते, आणि मधल्या वेगात अॅक्सिलरेटर सोडताना जास्त उठते. मेन बेरिंगचा आवाज त्याहून खोल, पोटातून येणारा, गाडीवर ओझं आल्यावर वाढणारा.

नेमकं कोणतं बिग एंड, हे शोधायला जाणते मिस्त्री एकेका प्लगची वायर काढून बघतात. ज्या सिलेंडरचा प्लग बंद केल्यावर टकटक दबते, त्याचं बिग एंड संशयित. ही पद्धत जुन्या पॉइंटच्या गाड्यांसाठी, तीही रबरी मुठीच्या पक्कडीने. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर करू नका.

आवाजाच्या जोडीला प्रेशर बघा. दिवा फार उशिरा सांगतो, म्हणून तपासणीपुरता तरी गेज जोडून घ्यावा. निरोगी इंजिन गरम असताना रस्त्यावर ५० पाउंडांच्या आसपास प्रेशर दाखवतं, आयडलला १५ च्या आसपास. गरम झाल्यावर काटा खाली बसत असेल आणि टकटकही असेल, तर गाडी तिथेच थांबवावी. टोचन लावून आणा. टकटकत घरापर्यंत आणलेल्या गाडीत शेल फिरून ऑइलचं भोक बंद होतं, कनेक्टिंग रॉड तुटतो, आणि तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिन खरंच संपतं ते तेव्हा.

## "बेरिंगच टाकून द्या ना, क्रँक काहून काढता?"

हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो, आणि तो रास्त आहे. खालून चेंबर काढून, इंजिन गाडीतच ठेवून शेल बदलता येतात. एका दिवसात गाडी शांत होते. मग क्रँक काढून शहरात नेण्याचा खटाटोप कशाला?

कारण शेल गेलं तेव्हा क्रँक त्यावर घासला आहे. त्याची ती जागा आता पूर्ण गोल राहिलेली नाही, अंडाकृती झाली आहे, तिच्यावर चरे आहेत. नवं शेल अगदी गोल असतं. अंडाकृती दांडा गोल कड्यात बसवला तर फट कुठे जास्त, कुठे कमी राहते आणि ऑइलचा थर प्रत्येक फेऱ्यात तुटतो. शिवाय जुन्या शेलचा झिजलेला धातू क्रँकच्या तिरप्या भोकांत अडकून बसलेला असतो. इंजिन सुरू होताच तो नव्या शेलमध्ये येतो. काही शे किलोमीटरनंतर टकटक पुन्हा सुरू, आणि लोक म्हणतात, माल डुप्लिकेट निघाला.

एक अपवाद मान्य करायला हवा. टकटक नव्हती, प्रेशर थोडं कमी होतं म्हणून चेंबर काढला, शेलचा मऊ थर नुसता झिजलेला दिसला आणि मायक्रोमीटरने क्रँक गोल आणि मापात निघाला, तर त्याच मापाची शेल बदलून भागतं. पण मोजून ठरवावं. नख फिरवून नाही.

एक जुगाड मात्र कधीच होऊ देऊ नका: ढिल्या शेलच्या पाठीमागे कागद किंवा पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट करणं, किंवा कॅप (शेलचा खालचा अर्धा भाग धरून ठेवणारा, बोल्टने आवळायचा तुकडा) कानसीने घासून फट कमी करणं. शेलची पाठ ब्लॉकला पूर्ण चिकटलेली हवी, कारण शेलमधली उष्णता त्या वाटेने बाहेर जाते. मध्ये कागद आला की ती वाट बंद. आणि कॅप घासली की शेलच्या बैठकीचं भोक कायमचं वाकडं झालं. घट्ट ऑइल किंवा बाटलीतली औषधं टाकून आवाज दाबणंही तसंच. गाडी विकून टाकायची असेल तेव्हा लोक ते करतात.

## खोलताना

इंजिन खोलणं हे पुरावे गोळा करण्याचं काम आहे, आणि घाईत तेच पुरावे धुतले जातात. ऑइल काढताना स्वच्छ भांड्यात घ्या. तळाला चकचकीत तांबूस कण दिसले तर शेल खालच्या थरापर्यंत गेलं आहे. पांढुरका फेस दिसला तर पाण्याकडे बघा.

कॅप काढण्याआधी प्रत्येक कॅपवर आणि तिच्या जोडीच्या भागावर नंबर आणि दिशेची खूण करा. कॅप आणि रॉड कारखान्यात एकत्र जोडून मग भोक पाडलेलं असतं. एक नंबरची कॅप तीन नंबरला लावली किंवा उलटी बसवली तर भोक गोल राहत नाही. इंजिनाच्या मापांत कुठेच न सापडणारा हा घोळ नंतर महिनोन्महिने छळतो.

निघालेली शेल फेकू नका. ती क्रमाने पुठ्ठ्यावर मांडा आणि वाचा. सरळ रेषेतले ओरखडे असतील तर घाण. चमकदार, पुसून गेल्यासारखा, वितळलेला भाग असेल तर ऑइल पोचलं नाही. काळे खड्डे असतील तर आम्ल किंवा पाणी. शेल एका कडेलाच जास्त झिजलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. बारीक तडे जाऊन पापुद्रे निघाले असतील तर जास्त ओझं किंवा इंजिनातली धडधड. सातही बेरिंगांची एकच अवस्था असेल तर दोष पंपात, ऑइलमध्ये किंवा पाण्यात शोधा. एकच गेलं असेल तर त्या जागेचं भोक, तो रॉड, ती कॅप तपासा. मालकाने ही शेल स्वतः पाहावीत, मिस्त्रीशी बोलावं. कोणताही चांगला मिस्त्री यावर आनंदाने बोलतो.

## मशीनवर

क्रँक आधी धुऊन, मोजून, तडा तपासून घ्यायचा. तडा शोधायला चुंबकत्व देऊन लोखंडी भुकटी टाकतात. तडा असेल तिथे भुकटी रेघ धरते. तडा गेलेला क्रँक घासण्यात पैसे घालू नयेत.

त्यानंतर ग्राइंडिंग. क्रँकची जागा पुन्हा गोल होईपर्यंत घासायची आणि जितकी बारीक झाली तितकी जाड शेल टाकायची. ही मापं ठरलेली असतात आणि बाजारात इंचाच्या हजारांश भागांत बोलली जातात: दहा, वीस, तीस, चाळीस. दहा म्हणजे ०.२५४ मिमी. स्टँडर्ड क्रँक एकदा घासला की दहाचा होतो, पुढच्या वेळी वीसचा. चाळीसच्या पुढे सहसा शेल मिळत नाहीत. म्हणून आपल्या क्रँकवर आधी किती काम झालं आहे हे जुन्या शेलच्या पाठीवरच्या आकड्यावरून बघून घ्या. आणि आधी शेल हातात येऊ द्या, मग क्रँक घासायला द्या. अँबेसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात थांबलं. प्रत्येक माप प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. क्रँक तीसला घासला आणि तीसची शेल कुठेच नाहीत, अशी गाडी उभीच राहते.

मशीनवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. क्रँकची गोल जागा जिथे बाजूच्या भिंतीला मिळते तिथला कोपरा गोलाईचाच ठेवायचा, काटकोनी करायचा नाही. काटकोनातून क्रँक तुटतो. दुसरं, ऑइलच्या भोकांच्या कडा घासून बोथट करायच्या, कारण धारदार कड शेल खरवडते. तापून निळा पडलेला रॉड परत वापरायचा नाही. बाकीच्यांचं मोठं भोक गोल आहे का ते मोजून घ्यायचं.

आणि सफाई. क्रँकमधली आणि ब्लॉकमधली ऑइलची प्रत्येक वाट, बंद बुचं काढून, तारेच्या ब्रशने आणि केरोसिनने, मग दाबाच्या हवेने साफ झाली पाहिजे. इतकं महाग ग्राइंडिंग करून लोक इथे कंटाळतात. ग्राइंडिंगची भुकटी त्या भोकांतच बसलेली असते.

## जोडणी

शेलची पाठ आणि तिची बैठक कोरडी, स्वच्छ. ऑइल फक्त आतल्या बाजूला. शेलचं बारीक नाक खाचेत, ऑइलचं भोक भोकासमोर. बसवल्यावर शेलची टोकं कॅपच्या पातळीपेक्षा किंचित वर आलेली दिसतात. ती तशीच हवीत, घासायची नाहीत. कॅप आवळली की त्या दाबानेच शेल बैठकीत पक्कं बसतं.

फट मोजायला प्लॅस्टिगेज नावाचा मेणासारखा धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवून कॅप पूर्ण आवळायची, उघडायची, आणि चेपलेला धागा किती रुंद झाला ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडायचं. क्रँक मध्ये फिरवायचा नाही. सातही जागा अशा तपासायला अर्धा दिवस जातो आणि तो द्यावाच. आवळणं टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. मनगटाचा अंदाज इथे चालत नाही. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहायचा. एखाद्या कॅपनंतर तो अडला तर पुढे न जाता तीच कॅप उघडायची.

या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. क्रँकवर कोरलेले आटे ऑइल परत इंजिनात ढकलतात. मागचं मेन बेरिंग ढिलं झालं की तिथून गळती वाढते आणि ऑइल क्लचपर्यंत जातं. बेरिंगची फट नीट झाली की ती गळतीही बरीच कमी होते.

## दुसरं इंजिन का टाकू नये? आणि सरकार गाडी भंगारात काढणार असेल तर?

वापरलेलं दुसरं इंजिन स्वस्त दिसतं, पण त्याच्या पोटात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय इंजिन बदललं की आरटीओकडे नोंद करून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. त्याच ब्लॉकवर क्रँक घासून काम केलं तर नंबर तोच राहतो. स्वतःच्या इंजिनाचा ब्लॉक धड असेल तर तोच उभा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

भंगाराबद्दलची भीती बरीचशी अर्धवट माहितीतून आलेली आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आपोआप रद्द होऊन ती भंगारात जात नाही. तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. दिल्ली परिसरातले नियम वेगळे, आणि १५ वर्षांहून जुनी सरकारी वाहनं काढण्याचा नियम वेगळा. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने विंटेज नोंदणी आणली. तिचे नंबर व्हीए अक्षरांचे असतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते, इंजिनात फेरबदल चालत नाही, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. लग्नाला आणि शेगावला न्यायची असेल तर नेहमीचं नूतनीकरणच बरं.

## पहिला स्टार्ट आणि पहिले ५०० किलोमीटर

नव्या बेरिंगचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या मिनिटात होऊ शकतं. म्हणून आधी फिल्टर ऑइलने भरा, पंपात ऑइल ओता, चारही प्लग काढा आणि गेजचा काटा उठेपर्यंत स्टार्टरने किंवा हँडल असेल तर हँडलने इंजिन फिरवा. काटा उठला नाही तर प्लग लावायचेच नाहीत. काय अडलं ते शोधायचं. काटा उठला की प्लग लावून सुरू करा, रेस करू नका, आणि गरम होईपर्यंत गेज आणि पाण्याचा काटा दोन्हींवर नजर ठेवा. ऑइल २०डब्ल्यू-५० सारखं, आपल्या उन्हात जाडी टिकवणारं घ्या. नव्या गाड्यांचं पातळ ऑइल या इंजिनाच्या फटींसाठी नाही.

पहिले ५०० किलोमीटर ओझं कमी, वेग मध्यम, घाट टाळून. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उघडून पाहा. थोडी राखाडी चमक असणं साहजिक आहे. तांबूस कण दिसले तर चेंबर लगेच काढा, कारण या टप्प्यावर फक्त शेल बदलून भागू शकतं. गरम इंजिनाचं आयडलचं आणि ५० च्या वेगाचं प्रेशर तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तोच आकडा ताडून बघता येईल.